इटलीची हवा, पण कोणत्या गावची?

एप्रिलच्या अखेरीस एक दांपत्य दवाखान्यात आले. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वय ६८. पत्नी ६४ वर्षांच्या, गेली नऊ वर्षे रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या. धाकटा मुलगा इटलीत नोकरीला. जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे त्याच्याकडे राहायला जायचे ठरले होते.

"डॉक्टर, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून द्या. आणि थंडीसाठी काय काय बरोबर घ्यावे, तेही सांगा," काकू म्हणाल्या. "युरोप म्हटल्यावर थंडी असणारच."

"मुलगा कोणत्या गावात राहतो?" मी विचारले.

"इटलीत."

"इटलीत कुठे?"

काकांनी भ्रमणध्वनी काढून पत्ता शोधला. "मोदेना. बोलोन्याच्या बाजूला आहे म्हणतो."

बोलोन्या हे नाव ऐकताच माझा लिहिता हात थांबला. त्याचे कारण वाचकांना सांगणे मला भाग आहे, कारण त्यात माझी चूक आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, असेच जुलैमध्ये मुलाकडे बोलोन्याला गेले. त्यांच्या रक्तदाबासाठी थायझाइड वर्गातील गोळी चालू होती. ही गोळी लघवीवाटे मीठ आणि पाणी शरीराबाहेर टाकते. जाण्यापूर्वी त्यांनी मला विचारले होते, "डॉक्टर, औषधांत काही बदल?" आणि मी सहज म्हणालो होतो, "तिकडे हवा थंड. काहीच बदलायला नको." पोहोचल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्या भागात उष्णतेची लाट आली. मुलगा काळजीपोटी "बाबा, पाणी प्या, पाणी प्या" म्हणत राहिला आणि ते आज्ञाधारकपणे बाटल्यांमागून बाटल्या साधे पाणी पीत राहिले. रक्तदाब असल्यामुळे जेवणात मीठ बेताचे. घामावाटे मीठ जात होते, गोळीमुळे लघवीवाटेही जात होते आणि भरून येत होते ते केवळ पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला विचारले, "हे कोणाचे घर आहे?" रुग्णालयात तपासले तेव्हा रक्तातील सोडियम ११६ होते. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. सुदैवाने उपचार वेळेत मिळाले आणि सर बरे होऊन परतले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र त्या दिवसापासून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला आधी गाव विचारतो, मग महिना, मग समुद्रसपाटीपासूनची उंची. आणि ज्या देशाने मला हा धडा दिला त्याचा नकाशा तेव्हापासून आवडीने वाचत आलो आहे.

इटली हा भूमध्य समुद्रात पाय सोडून बसलेला देश. त्यामुळे त्याचे हवामानही सर्वत्र 'भूमध्य सागरी', म्हणजे कोरडा उन्हाळा आणि पावसाळी पण सौम्य हिवाळा, असे शाळेत शिकवले जाते. ते दक्षिणेला, बेटांना आणि किनाऱ्यांना लागू पडते. परंतु उत्तरेला आल्प्स पर्वत ४,००० मीटरच्या वर चढलेला आहे आणि दक्षिणेकडचे लाम्पेदूझा हे चिमुकले बेट ट्युनिसिया देशाच्या राजधानीपेक्षाही दक्षिणेला आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपेनाईन पर्वताचा कणा देशाच्या पाठीतून खालपर्यंत गेलेला. सह्याद्रीच्या एका बाजूला महाबळेश्वर पावसात बुडालेले असताना घाट उतरून आलेल्या वाईत किती फरक पडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना डोंगर हवामानाचे काय करतो ते निराळे सांगायला नको.

मोदेना आणि बोलोन्या ही शहरे पो नदीच्या मैदानात आहेत. मिलान आणि ट्युरिनही त्याच मैदानात. या मैदानाला उत्तरेकडून व पश्चिमेकडून आल्प्सने आणि दक्षिणेकडून आपेनाईनने वेढलेले आहे. मोकळी बाजू काय ती पूर्वेची, एड्रियाटिक समुद्राकडची. एखाद्या कढईत हवा कोंडून राहावी तसे इथे होते. उन्हाळ्यात दमट उष्मा साचतो, वारा पडलेला असतो आणि लाटेच्या दिवसांत रात्रीही पारा २४-२५ अंशांच्या खाली उतरण्यास तयार नसतो. हिवाळ्यात याच्या उलट: थंड, जड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते, दिवसेंदिवस धुके हटत नाही आणि त्या धुक्यात वाहनांचा, कारखान्यांचा व घरे तापवण्याच्या इंधनाचा धूर मिसळतो. सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत पो नदीचे मैदान युरोपातील सर्वांत प्रदूषित प्रदेशांपैकी एक आहे. "परदेशात हवा स्वच्छ असते, आईचा दमा बरा होईल" अशा आशेने कोणी डिसेंबरात आईला मिलानला नेणार असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे. तिथे दम्याचे फवारे अधिक बरोबर न्यावे लागतात.

आता मिलानहून दक्षिणेला निघा. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर डोंगराची एक रांग ओलांडली की जेनोवा बंदर येते. जानेवारीत मिलानचे सरासरी तापमान जेमतेम २-३ अंश, तर जेनोवाचे ८ अंशांच्या आसपास. उत्तरेचा गार वारा डोंगराने अडवलेला, समोर उबदार समुद्र; त्यामुळे या लिग्युरियाच्या किनाऱ्यावर माड-खजुराच्या जातीची झाडे आणि लिंबे सुखाने वाढतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टर क्षयाच्या रुग्णांना हिवाळ्यासाठी येथील सानरेमो, बोर्दिगेरा अशा गावी धाडत. हवापालट हाच उपचार. कवी जॉन कीट्स हा स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेला. त्यालाही १८२० मध्ये रोमला पाठवण्यात आले आणि फेब्रुवारी १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो तिथेच गेला. क्षयावरील पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून सव्वाशे वर्षे होती. हवा बदलून जंतू मरत नाहीत. पण माझ्याच व्यवसायातील पूर्वजांची टिंगल करण्याचा मोह मी आवरतो, कारण निदान गावागावाच्या हवेतील भेद ते बारकाईने पाहत होते. मी बोलोन्याच्या बाबतीत तेवढेही केले नव्हते.

रोमला हिमवर्षाव हा कौतुकाचा विषय, पण तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरील, डोंगरात वसलेल्या लाक्विलाला हिवाळा कडक असतो. ईशान्य टोकाला त्रिएस्ते शहरात 'बोरा' नावाचा वारा इतक्या जोराने कोसळतो की पूर्वी पादचाऱ्यांना धरून चालण्यासाठी रस्त्यांच्या कडेने दोर बांधत. दक्षिणेला याच्या विरुद्ध स्वभावाचा 'सिरोक्को' सहारातून येतो, सोबत तांबूस धूळ आणतो आणि दमेकऱ्यांना सतावतो. सिसिलीतील सिराकूझाजवळ ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने ते युरोपातील उच्चांक म्हणून मान्य केले आहे. त्याच सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारांवर हिवाळ्यात लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळतात.

या भेदाचे माझ्या मते सर्वांत विलक्षण उदाहरण सार्डिनिया बेटावर सापडते, आणि तिथे ते नकाशावर नसून माणसांच्या रक्तात आहे.

'मलेरिया' हा शब्दच मूळचा इटालियन. त्याचा अर्थ वाईट हवा. दलदलीच्या सखल भागात उन्हाळ्यात राहिले की ताप येतो, हे तिथल्या शेतकऱ्याला शतकानुशतके ठाऊक होते. आपल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि पुढच्याच वर्षी इटलीत बत्तिस्ता ग्रास्सी यांनी माणसाचा हिवताप अनॉफिलिस डासामुळे पसरतो हे दाखवले. तेव्हा कळले की दोष हवेचा नसून त्या हवेत वाढणाऱ्या डासाचा होता. हा डास उष्ण, पाणथळ किनारपट्टीवर फोफावतो. उंच, थंड डोंगरात त्याचा जोर कमी. सार्डिनियात त्यामुळे पिढ्यान् पिढ्या एक निवड चालू राहिली. ज्या बालकाला आई किंवा वडील यांपैकी एकाकडून थॅलेसीमियाचा दोष मिळालेला असे, त्याला किंचित रक्तक्षय राही, पण हिवतापाने मरण्याची शक्यता कमी होई. ते जगे, मोठे होई, त्याला मुले होत. सखल भागातील गावांत असे वाहक वाढत गेले. डोंगरावरील गावांत हिवतापच कमी, म्हणून तिथे हा दोष बाळगण्याचा लाभही कमी. संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास गावोगावच्या लोकांचे रक्त तपासले तेव्हा गावाची उंची वाढत जाते तसे वाहकांचे प्रमाण उतरत जाते, असे दिसून आले. जी-६-पी-डी या विकराची कमतरताही अशाच रीतीने विखुरलेली आढळली.

याची किंमत मात्र मुलांनी मोजली. दोन वाहकांचा विवाह झाला की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्हीकडून दोष येईल, आणि त्याला जन्मभर दुसऱ्याचे रक्त घेत राहावे लागेल. सार्डिनियात दर अडीचशे जन्मांमागे एक बालक असे जन्मत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५० या काळात, डीडीटीची फवारणी करून बेटावरील हिवताप संपवण्यात आला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या इटलीलाच हिवतापमुक्त घोषित केले. डास गेले, पण रक्तातील खूण राहिली. मग सत्तरच्या दशकात कालियारी येथील डॉ. अंतोनिओ काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण जोडप्यांची रक्ततपासणी व समुपदेशन यांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर हे प्रमाण सुमारे चार हजारांत एक इतके खाली आले. एका डॉक्टराच्या आयुष्यात याहून मोठे काम क्वचितच होत असेल.

हे मी लांबण लावून सांगितले, कारण ते आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचते. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा कित्येक समाजांत थॅलेसीमियाचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत आणि इतर कोणत्याही समाजात ते नाहीतच असे नाही. विवाह ठरवताना पत्रिका पाहणारे घर रक्तातील 'एचबी ए-टू' ही साधी तपासणी करून घेत नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते. वाहक असणे हा आजार नव्हे. दोन वाहकांनी आधी माहिती करून घेणे एवढेच आवश्यक असते.

डासांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. २००६ मध्ये आपल्याकडे चिकुनगुन्याने किती घरे अंथरुणाला खिळवली, ते पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतरच्या वर्षी, जून २००७ मध्ये, केरळातून आलेला एक प्रवासी इटलीत रावेन्नाजवळच्या कास्तिल्योने दि चेर्विया या खेड्यात नातेवाइकांकडे उतरला. त्याला ताप होता. त्या उन्हाळ्यात त्या परिसरात चिकुनगुन्याचे दोनशेच्या वर रुग्ण झाले. युरोपातील हा पहिलाच उद्रेक. तो आल्प्समध्ये झाला नसता. पो नदीच्या मैदानाचा दमट उन्हाळा आणि १९९० च्या सुमारास जुन्या टायरांबरोबर जेनोवाला उतरलेला पट्टेरी 'वाघ-डास' यांची गाठ पडली, म्हणून झाला. यास्तव अंगात ताप असताना विमानात बसू नये, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कोणत्या गावाहून आलो ते आपणहून सांगावे.

आता काका-काकूंकडे येतो. काकांचे म्हणणे असे की, "आम्ही पुण्यात एप्रिल-मे सोसतो, इटलीच्या उन्हाचे काय घेऊन बसलात?" हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. उष्णतेला सरावण्यासाठी शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात; घाम लवकर व भरपूर येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. परंतु हा सराव टिकत नाही. काही आठवडे थंडाव्यात गेले की तो ओसरतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पुण्याचे कमाल तापमान तिशीच्या आत येते. जुलैच्या मध्यावर निघणारा पुणेकर मेमधला सराव गमावून बसलेला असतो आणि विमानातून थेट पस्तीस-छत्तीस अंशांच्या दमट हवेत उतरतो. शिवाय आपला उन्हाळा कोरडा. घाम वाळतो, अंग निवते. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, थंडावा देत नाही. त्यात तिकडच्या पुष्कळ जुन्या घरांना छताचा पंखा नसतो, आणि वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही तापलेली राहते.

२००३ च्या उन्हाळ्यातील लाटेने युरोपात ७०,००० हून अधिक माणसे दगावली असा हिशेब आहे. इटलीत ट्युरिन आणि मिलान या, आपण ज्यांना थंड समजतो अशा, उत्तरेकडील शहरांनाही मोठा तडाखा बसला. गेलेल्यांत बहुसंख्य वृद्ध होते. १५ ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो' या सणाच्या आगेमागे इटालियन शहरे ओस पडतात, कुटुंबे समुद्रावर जातात, दुकाने बंद असतात, आणि म्हातारी माणसे मागे राहतात. त्या आघातानंतर इटलीच्या आरोग्य खात्याने २७ शहरांसाठी उन्हाळ्यात उष्णतेची पूर्वसूचना प्रसिद्ध करण्याची व्यवस्था उभारली. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा तिच्या पायऱ्या. लाल म्हणजे धडधाकट माणसालाही धोका. मोदेनासाठी बोलोन्याची सूचना पाहावी, असे मी काकांना त्यांच्या मुलाचे नाव घालून लिहून दिले आहे.

काकूंची थायझाइडची गोळी मी बदलली. निघण्यापूर्वी तीन आठवडे बदलली, म्हणजे रक्तदाब नव्या गोळीवर कसा राहतो ते इथेच कळेल. हे वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये; काहींच्या हृदयाला तीच गोळी तारून नेत असते, आणि अशा रुग्णांनी पाणीही मोजूनच प्यायचे असते. आपल्या डॉक्टरांना गाव आणि महिना सांगा व त्यांना ठरवू द्या. उन्हात फिरताना नुसते पाणी पीत राहण्याऐवजी अधूनमधून ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा जलसंजीवनी घ्यावी. तिची पाकिटे इथूनच न्यावीत. दुपारी शेजारचे इटालियन लोक लाकडी झडपा लावून घर अंधारे करून बसतात, तेव्हा "हवा खेळती राहू दे" म्हणून आपण खिडक्या उघडू नयेत. बोलोन्याला सरांनी नेमके तेच केले होते. पहाटे आणि रात्री उघडाव्यात. कोणी गरगरल्यासारखे, असंबद्ध बोलू लागले आणि अंग तापलेले लागले, तर ११२ क्रमांकावर मदत मागवून, येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडत वारा घालावा. शुद्ध धड नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी या तापावर निरुपयोगी असते.

मुलाने आईवडिलांसाठी डोलोमाइट पर्वताची सहलही आखली होती. मार्मोलाडाच्या दोरगाडीने काही मिनिटांत सव्वातीन हजार मीटरवर जाता येते; तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असतो आणि ऑगस्टातही पारा दहा अंशांच्या खाली असू शकतो. काकांना सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे. ताणचाचणी करून घेतल्यावर पाहू, असे मी म्हटले. चाचणी मागच्या आठवड्यात झाली. हृदयरोगतज्ज्ञांनी वर जायला हरकत नाही, पण वर पोहोचल्यावर जिने चढणे टाळावे व अर्ध्या तासात उतरावे, असे सांगितले.

"म्हणजे स्वेटर न्यायचे की नाही?" काकूंनी शेवटी विचारले.

"दोघांसाठी एकेक न्या," मी म्हटले, "पण सुती कपड्यांच्या तळाशी ठेवा."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सोडियमची तपासणी करायला यायचे, असे ठरले आहे.